जमाखर्चाची वही घराघरात पोचवणाऱ्या शिक्षिका : मोतोको हानी



गणिताच्या पुस्तकात खरेदी-विक्री, नफा-तोटा, जमाखर्च हे घटक आपण दरवर्षी शिकवतो. मुलं उदाहरणं सोडवतात, गुणही मिळवतात. पण घरात पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि तो कुठे जावा हे कोण ठरवतं, याबद्दल मुलांशी फारसं कोणी बोलत नाही. आता तर दुकानात मोबाईल पुढे केला की काम झालं. नोट हातातून गेलेली मुलांना दिसतसुद्धा नाही.

गेल्या काही वर्षांत "काकेइबो" हा जपानी शब्द आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या कानावर आला आहे. पैसे वाचवण्याची जपानी युक्ती म्हणून त्याचे व्हिडिओ फिरतात. काकेइबो म्हणजे साधी घरखर्चाची वही. ही वही सर्वसामान्य गृहिणीच्या हाती देणारी बाई कोण होती, हे मात्र त्या व्हिडिओत क्वचितच सांगितलं जातं. तिचं नाव मोतोको हानी. त्या पत्रकार होत्या, संपादक होत्या, पुढे त्यांनी शाळाही काढली. आणि आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे तरुणपणी काही काळ त्या प्राथमिक शिक्षिका होत्या. आज त्यांच्याविषयी थोडं सविस्तर पाहू.

त्या काळातली खरेदी

मोतोको यांचं काम समजायला आधी जपानमधली खरेदीची जुनी पद्धत माहीत हवी. जपानी माणूस रोखीने व्यवहार करणारा, असं आज आपण ऐकतो. पण पूर्वी तिथे उधारीच जास्त चालायची. व्यापारी किंवा त्याचा नोकर घरी यायचा, काय हवं ते विचारून जायचा आणि माल आणून द्यायचा. पैसे मात्र लगेच द्यायचे नसत. हिशेब वर्षातून दोनदा, म्हणजे उन्हाळ्यातल्या बोन सणाला आणि वर्षअखेरीला चुकता करायचा. पैसे उशिरा मिळणार म्हणून व्यापारी भाव वाढवून ठेवायचा. वस्तूची खरी किंमत किती हे गिऱ्हाइकाला कळायचंच नाही.

१६७३ साली ताकातोशी मित्सुई या व्यापाऱ्याने एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचं कापडाचं दुकान काढलं. पुढे त्याने पैसे रोख आणि भाव एकच, असा नियम केला. घासाघीस नाही आणि उधारीही नाही. हे दुकान जोरात चाललं. मित्सुकोशी हे मोठं दुकान त्यातूनच पुढे उभं राहिलं. तरी घरगुती वापराच्या तांदूळ, सोया सॉस, मिसो, साके अशा वस्तू नंतरही कित्येक वर्षं वहीवर मांडूनच घेतल्या जात. आजचा हिशेब महिन्याच्या किंवा वर्षाच्या शेवटी समोर यायचा, आणि तोवर पैसे दुसरीकडे खर्च झालेले असायचे.

एचिगोया सुरू झाल्यावर बरोबर दोनशे वर्षांनी मोतोको यांचा जन्म झाला.

बालपण व शिक्षण

मोतोको यांचा जन्म ८ सप्टेंबर १८७३ रोजी जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रांतात, हाचिनोहे या गावी झाला. माहेरचं आडनाव मात्सुओका. घराणं सामुराईचं होतं. पण सामुराईंचे दिवस तेव्हा संपत आले होते. नवीन सरकारने संस्थानं मोडली होती, १८७१ मध्ये येन हे नवं चलन आणलं होतं आणि १८७२ मध्ये सर्व मुलामुलींनी शाळेत जावं असा हुकूम काढला होता. त्यामुळे मोतोकोला शाळेत जायला मिळालं. तिच्या आईच्या पिढीला ही संधी मिळाली नव्हती.

आईवडील लवकरच वेगळे झाले. तिच्यावर आजोबांचा मोठा प्रभाव होता. १८८९ साली नातीला पुढे शिकवण्यासाठी तेच तिला टोकियोला घेऊन निघाले. तेव्हा त्या भागात रेल्वेसुद्धा पोचली नव्हती. सोळा वर्षांच्या मुलीला शिक्षणासाठी एवढ्या लांब नेणारे आजोबा त्या काळात विरळाच!

टोकियोत तिने मुलींच्या सरकारी माध्यमिक शाळेत शिक्षण घेतलं. तिथेच असताना ख्रिस्ती धर्म स्वीकारला. नंतर शिक्षिका होण्यासाठी महिलांच्या अध्यापक विद्यालयाची प्रवेश परीक्षा दिली, पण त्यात ती नापास झाली. मग १८९१ मध्ये मेइजी जोगाक्को या खाजगी शाळेत गेली. फी भरायला पैसे नव्हते. या शाळेचे मुख्याध्यापक महिलांसाठी एक नियतकालिकही चालवत. मोतोकोने त्यांच्याकडेच काम मागितलं. काम होतं मजकुरातल्या कठीण चित्रलिपीच्या अक्षरांशेजारी बारीक अक्षरात उच्चार लिहिण्याचं. एक अक्षर चुकलं तर वाचणारीला अर्थच लागणार नाही. हे किचकट काम करून तिने आपली फी भागवली. बारकाईने पाहायची ही सवय तिला आयुष्यभर उपयोगी पडली.

शिक्षिका, मोलकरीण आणि पत्रकार

सुट्टीत गावी गेलेली मोतोको पुन्हा त्या शाळेत शिकायला आली नाही. तिने हाचिनोहेत प्राथमिक शाळेत शिकवलं, मग मोरिओका शहरात मुलींच्या शाळेत शिकवलं. १८९५ मध्ये लग्न झालं, पण ते काही महिन्यांतच मोडलं. नवरा सोडून आलेली बाई म्हणून गावात तोंड दाखवणं सोपं नव्हतं. ती पुन्हा टोकियोला आली आणि एका घरी चक्क मोलकरीण म्हणून राहिली. ते घर होतं डॉ. यायोई योशिओका यांचं. याच डॉक्टरबाईंनी पुढे १९०० साली मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली.

शिकलेली, शिक्षिकेची नोकरी केलेली मुलगी दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करते, हे आपल्याला चटका लावणारं वाटेल. पण मोतोकोने काम कमीपणाचं मानलं नाही. घर चालवणं म्हणजे किती कष्ट आणि किती नियोजन, हे तिने तिथे नोकराच्या बाजूने पाहिलं.

१८९७ मध्ये होची शिंबुन या वृत्तपत्रात मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी चुका तपासणारी म्हणून तिला नोकरी मिळाली. या कामावर तोवर पुरुषच घेतले जात. तिची नजर पक्की असल्याने ती तिथे टिकली. पण तिला लिहायचं होतं. वृत्तपत्रात नामवंत स्त्रियांची ओळख करून देणारं एक सदर सुरू होणार होतं. मोतोकोने कोणी सांगायची वाट पाहिली नाही. आपलं रोजचं काम संपवून ती तानी या उमरावाच्या पत्नीला भेटायला गेली आणि लेख लिहून संपादकांपुढे ठेवला. लेख आवडला. अशा रीतीने ती बातमीदार झाली. जपानमधली पहिली महिला पत्रकार म्हणून आज त्यांचं नाव घेतलं जातं.

नवं घर, नवं मासिक

त्याच कचेरीत योशिकाझू हानी हे तरुण पत्रकार होते. ते मोतोको यांच्यापेक्षा सुमारे सात वर्षांनी लहान. १९०१ मध्ये दोघांनी लग्न केलं. एकदा लग्न मोडलेली बाई, त्यातून कचेरीतच जमलेलं लग्न आणि नवरा वयाने लहान! वृत्तपत्रातली नोकरी सुटली. मिळकत कमी आणि संसार नवा, अशी ती सुरुवात होती.

एप्रिल १९०३ मध्ये या जोडप्याने 'कातेई नो तोमो' (कुटुंबाचा मित्र) हे मासिक सुरू केलं. त्याच महिन्यात त्यांची पहिली मुलगी सेत्सुको जन्मली. मासिक आणि मूल एकदमच वाढू लागलं. १९०८ पासून मासिकाचं नाव 'फुजिन नो तोमो' (महिलांचा मित्र) असं झालं. हे मासिक आजही निघतं.

मासिकाचा वाचकवर्ग म्हणजे शहरात आलेली तरुण जोडपी. नवरा शिक्षक, कारकून किंवा बँकेत नोकरीला. महिन्याला ठरावीक पगार. शेतीवाडी नाही, कोठीत धान्य नाही, सगळं विकत आणायचं. सासू जवळ नाही, त्यामुळे सांगणारंही कोणी नाही. अशा घरातल्या सुनेला पाककृतीपेक्षाही एका गोष्टीची जास्त गरज होती. पगार महिनाअखेरपर्यंत पुरवायचा कसा?

काकेइबो : वहीत काय होतं?

१९०४ साली मोतोको यांनी या प्रश्नाला उत्तर म्हणून छापील वही तयार केली. हीच ती काकेइबो. ते वर्ष रशिया-जपान युद्धाचं होतं. कर वाढले होते, महागाई होती. त्यामुळे वहीची गरज घराघरात होती.

आता कोणी म्हणेल, खर्च लिहून ठेवणं यात नवीन ते काय? आपले आजी-आजोबाही लिहायचे. खरं आहे. मोतोको यांच्या वहीत नवीन होतं ते अंदाजपत्रक. खर्च झाल्यावर लिहायचा, त्याआधी तो ठरवायचा. त्याची रीत साधारण अशी :

१. वर्षाच्या सुरुवातीला घरात किती पैसे येणार ते लिहायचं.

२. त्यातून कर आणि शिल्लक टाकायची रक्कम आधीच बाजूला काढायची.

३. उरलेल्या रकमेची खात्यांत विभागणी करायची. अन्न, घर, सरपण व दिवाबत्ती, कपडे, शिक्षण, आरोग्य, येणं-जाणं व भेटी, करमणूक वगैरे.

४. रोजचा खर्च त्या त्या खात्यात लिहायचा आणि ठरवलेल्या रकमेशी ताडून पाहायचा.

अन्नाच्या खात्याचे तर त्यांनी तीन भाग केले. भातासारखं मुख्य अन्न, त्याबरोबरचे कालवण-भाजी-मासे आणि सोया सॉस-मिसो-साखर यांसारखे चवीचे पदार्थ. यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. घरात माणसं तेवढीच असली तर तांदूळ दर महिन्याला जवळजवळ सारखाच लागतो. खर्च वरखाली होतो तो कालवणात. समजा रोजच्या कालवणाला २० पैसे ठरवले आणि आज पाहुणे आले म्हणून ३० झाले, तर पुढचे दोन दिवस १५-१५ मध्ये भागवता येतं. पण सगळा किराणा एकाच रकमेत लिहिला तर गळती कुठे आहे हे कधीच सापडत नाही. आपण वर्गात मुलाचा नुसता एकूण गुण न पाहता कोणत्या घटकात तो अडतो हे पाहतो ना, तसंच हे!

आणखी एक खातं माझ्या मनात घर करून राहिलं आहे. या वहीत सार्वजनिक कामासाठी द्यायच्या पैशाचंही खातं आहे. देणगी, मदत, समाजासाठी काही. म्हणजे स्वतःचं घर आखताना शेजाऱ्याचा विचारही त्याच पानावर. काटकसर म्हणजे नुसतं पैसे साठवणं, असा त्यांचा विचार नव्हता. कशावर खर्च करायचा हे आपण शुद्धीत असताना ठरवावं आणि ठरवलेल्या गोष्टीवर मनापासून खर्च करावा, हा त्यांचा आग्रह होता.

उधारीच्या सवयीलाही या वहीने धक्का दिला. रोजच्या रोज नोंद करायची म्हटलं की वाण्याकडून आलेला मालही आजच्याच तारखेला लिहावा लागतो. वर्षअखेरीला अंगावर येणारा आकडा मग रोज डोळ्यांसमोर राहतो. मासिकात वाचकांच्या घरचे खरे जमाखर्चही छापले जात आणि त्यावर चर्चा होई. आपल्यासारख्याच दुसऱ्या घरात किती खर्च होतो हे बायकांना पहिल्यांदाच कळू लागलं.

यात आणखी एक बदल लपलेला होता. वही बायकोच्या हाती आली, तेव्हा घरातले पैशाचे निर्णयही हळूहळू तिच्याकडे आले. जपानमध्ये पुढे अनेक घरांत नवऱ्याने पगार बायकोच्या हाती द्यायचा आणि तिने त्याला महिन्याचा हातखर्च द्यायचा, ही रीत रूढ झाली. ती एकट्या मोतोको यांच्यामुळे आली असं म्हणता येणार नाही, पण बायकोला हिशेब येतो हा विश्वास निर्माण करण्यात त्यांच्या वहीचा वाटा नक्कीच आहे.

शाळा : जियू गाकुएन

मोतोको यांना तीन मुली झाल्या. त्यातली दुसरी अगदी लहानपणीच वारली. मुली वाढवताना शाळांमधली घोकंपट्टी त्यांना पटेना. १९१४ मध्ये त्यांनी लहान मुलांसाठी 'कोदोमो नो तोमो' हे मासिक काढलं आणि एप्रिल १९२१ मध्ये पतीच्या साथीने टोकियोत स्वतःची शाळा सुरू केली. नाव 'जियू गाकुएन', म्हणजे स्वातंत्र्याची शाळा. पहिल्या वर्गात फक्त २६ मुली होत्या.

शाळेची इमारत बांधली प्रसिद्ध अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी. ते तेव्हा इम्पिरियल हॉटेलच्या कामासाठी टोकियोत होते. ही इमारत आजही उभी आहे आणि राष्ट्रीय वारसा म्हणून जपली आहे.

या शाळेत शिपाई-नोकर ठेवले नव्हते. स्वयंपाक, झाडलोट, व्यवस्था सगळं मुलीच आळीपाळीने करायच्या. दुपारचं गरम जेवण सगळ्यांसाठी मुलीच शिजवायच्या. एवढ्या मुलींना भाजी किती लागेल, ती कितीला पडेल, प्रत्येकीच्या वाट्याला किती येईल? अपूर्णांक आणि सरासरी यासाठी वेगळा तास कशाला हवा! एकेकाळी मोलकरीण म्हणून राबलेल्या बाईने काढलेल्या शाळेत भांडी घासणं हाही अभ्यासच होता. १९२७ मध्ये प्राथमिक विभाग आणि १९३५ मध्ये मुलांचा विभाग सुरू झाला. १९३२ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात नव्या शिक्षणाविषयी जागतिक परिषद झाली. तिथे मोतोको यांनी आपल्या शाळेबद्दल सांगितलं.

१९३० मध्ये मासिकाच्या वाचक महिलांनी एकत्र येऊन देशभर मंडळं स्थापन केली. जवळपास राहणाऱ्या बायका एकमेकींच्या घरी जमायच्या, वह्या उघडायच्या, एकमेकींना शिकवायच्या. आपल्याकडच्या बचतगटांची आठवण यावी असंच हे चित्र. ही मंडळं आजही चालू आहेत.

युद्धकाळ

इथपर्यंतची गोष्ट सांगून थांबलो तर चरित्र छान, गोड होईल. पण पुढचं सांगितलं नाही तर ते अपुरं राहील.

१९३७ मध्ये जपानचं चीनशी युद्ध पेटलं. सरकारला पैसा हवा होता. देशभर बचतीची मोहीम सुरू झाली. बायकांनी काटकसर करावी, बचत करावी, कर्जरोखे घ्यावेत असा प्रचार झाला. घर काटकसरीने चालवायला शिकवणाऱ्या नामवंत स्त्रियांना सरकारने या कामात ओढलं आणि मोतोको यांनीही त्याला साथ दिली. आपल्या मताने खर्च ठरवायला शिकवणारी वही आता सरकारच्या मताने बचत करायला लावू लागली. वही तीच होती, ठरवणारा बदलला होता.

युद्ध हरल्यावर भाव भडकले. फेब्रुवारी १९४६ मध्ये सरकारने जुन्या नोटा रद्द केल्या आणि बँकेतल्या ठेवी गोठवल्या. कुटुंबप्रमुखाला महिन्याला ३०० येन आणि घरातल्या इतर प्रत्येकाला १०० येन, एवढेच काढता यायचे. वर्षानुवर्षं पै-पै जमवलेल्या घरांची पुंजी महागाईत विरघळून गेली. ज्यांनी सगळ्यात इमानदारीने वही लिहिली, त्यांचंच सगळ्यात जास्त नुकसान झालं असेल.

मला हा भाग वाचताना फार अस्वस्थ वाटलं. मोतोको यांच्याबद्दलचा आदर त्यामुळे संपत नाही, पण बचत ही चांगली सवय आहे एवढं शिकवून आपलं काम भागत नाही, हे मात्र कळतं. बचत कशासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे विचारायलाही मुलांना शिकवलं पाहिजे.

युद्धानंतर वह्या पुन्हा छापल्या गेल्या आणि पुन्हा नव्याने लिहिल्या गेल्या. १९५५ मध्ये योशिकाझू गेले. ७ एप्रिल १९५७ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी मोतोको यांचं निधन झालं.

आजचा जपान आणि आपला वर्ग

आज जपानमध्ये दुकानाच्या गल्ल्यावर पैसे ठेवायला छोटी तबकडी असते. नववर्षाला मुलांना छोट्या पाकिटात नोटा घालून देतात. रोख पैशावर तिथल्या लोकांचा जीव आहे. तरी सवयी बदलत आहेत. तिथल्या सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये लोकांच्या खर्चापैकी ४२.८ टक्के रक्कम कार्ड, मोबाईल अशा रोख नसलेल्या मार्गांनी दिली गेली. काकेइबोही मोबाईलवर आली आहे आणि कागदावरची वहीही दरवर्षी छापली जाते.

आपल्याला वर्गात काय करता येईल? एक सोपा उपक्रम सुचवते. तिसरी-चौथीच्या मुलांना एका पानावर दोन रकाने आखायला सांगा. डावीकडे 'ठरवलेला खर्च', उजवीकडे 'झालेला खर्च'. गावची जत्रा, वाढदिवस किंवा शाळेची सहल असं एखादं निमित्त घ्या. डावा रकाना आदल्या दिवशी भरायचा, उजवा परत आल्यावर. दोन्हीत फरक पडला तर रागवायचं नाही. फरक का पडला, एवढंच मुलाने आपल्या शब्दांत एका ओळीत लिहायचं. आणि यादीत दुसऱ्यासाठी काय आणलं याची एक ओळ जरूर ठेवा.

पालकांनीही महिन्यातून एकदा किराण्याचं बिल मुलांसमोर वाचावं. घरचे पैसे मोजके आहेत हे कळल्याने मूल दुःखी होत नाही. उलट आपल्यालाही घरात विचारलं जातं, याचा त्याला आनंदच होतो. करून बघा आणि तुमच्या मुलांनी त्या एका ओळीत काय लिहिलं ते नक्की कळवा.